बोटांत मावलेली पोटरी

“पण मलाच आज्ञा का नाही, अक्का?”

चन्नवीरचा आवाज चढला होता. मठातले सगळे दुसऱ्या दिवशी पायी श्रीशैलला निघणार होते. त्याला मात्र ‘तू थांब’ असा निरोप आला होता.

नीलम्माक्का ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली. मठाचा कारभार आणि शिष्यांची दीक्षा, दोन्ही त्यांच्याच हाती.

“बैस,” त्या म्हणाल्या.

“बसायला नाही आलो. माझ्याइतकं वैराग्य इथं कुणाचं आहे? एक वेळ जेवतो. तेही मूठभर. गावातली म्हातारी माणसंसुद्धा माझ्या पाया पडतात.”

“आजार काय म्हणतो?”

आतड्यांच्या सुजेचा आजार त्याला कॉलेजात असल्यापासून होता. उसळला की रक्त पडायचं, रात्रंदिवस कळा यायच्या. मग कित्येक महिने गप्प.

“शांत आहे. गोळ्या चालू आहेत. वैशाखात डॉक्टरांची तारीख आहे, तेव्हा ते बघतीलच.”

“आणि तोवर कोण बघतं?”

“देहच तो, अक्का... त्याच्याकडे काय बघायचं?”

अक्कांनी चिंचांनी भरलेलं सूप बाजूला सारलं.

“त्या पायरीवर बस. धोतर गुडघ्यापर्यंत घे. पोटरी सगळ्यात जाड जिथं आहे, तिथं दोन्ही हातांचं कडं कर. अंगठ्याला अंगठा, पहिल्या बोटाला पहिलं बोट.”

“तुम्हीच बघा ना.”

अक्कांनी स्वतःचे हात पदराखाली घेतले.

चन्नवीर हसला. पायरीवर टेकला. वाकून पोटरीला बोटांचा वेढा घातला.

बोटं सहज जुळली. आत जागा उरली.

त्याने कडं जरा वर सरकवलं. जरा खाली. पोटरी आत सैलच राहिली.

तो आता हसत नव्हता.

“धोतर कमरेला राहतं?” अक्कांनी विचारलं.

“गाठ... आवळून बांधतो हल्ली.”

“मठाच्या पायऱ्या?”

“चढतो की. मध्ये थांबतो जरा, नामस्मरणाला...”



आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“मागच्या दुखण्यात,” तो खाली बघत म्हणाला, “खाल्लं की कळ यायची. नाही खाल्लं की नाही यायची. म्हणून कमी केलं. दुखणं गेलं, अक्का... भीती नाही गेली. लोक म्हणाले, केवढं वैराग्य. मग मीही तेच म्हणू लागलो.”

त्याने धोतर खाली सोडलं.

“माझं अंग झडतंय, हे मला कळत होतं. आंघोळीला मी खाली बघायचं टाळायचो.”



चन्नवीर उठला. उठताना त्याने खांब धरला, आणि धरलेला हात लपवला नाही.

“दुपारच्या एसटीने सोलापूरला जातो. वैशाखाची वाट नाही बघत. डॉक्टरांना सांगतो, वजन उतरलंय, पोटरी बोटांत मावते, खायची भीती वाटते. काय खायचं, किती खायचं, हे नीट विचारूनच परत येईन.”

“यात्रा?”

“आधी पायांत बळ येऊ दे.”

“कुणाला सोबत देऊ?”

“नको. माझं मी सांगेन.”

त्याने वाकून नमस्कार केला. दोन पावलं गेला आणि वळला.

“आता हे सोडणार नाही, अक्का. दर अमावास्येला मोजेन. वजन बघेन, जेवण बघेन. आणि प्रत्येक वेळी तुम्हाला येऊन खरं काय ते सांगेन.”

“मला नको सांगूस.”

“मग कुणाला सांगू?”

अक्कांनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

“ज्याला इतके दिवस फसवत होतास, त्याला.”