टोक नसलेला दोर

एका गावात एका विहिरीवर एक रहाट होता, आणि त्या एका रहाटाचे धनी दोन. एकाचा पानमळा, दुसऱ्याचं मिरचीचं रान. रहाट दोघांनी हौसेनं मिळून बसवलेला, पण हल्ली कशावरून तरी बिनसलं होतं आणि बोलणं बंद होतं.

रहाटाचा दोर गोल असतो बरं का! त्याची दोन्ही टोकं एकमेकांत विणून टाकतात. मग त्याला ना आरंभ, ना शेवट. त्याला गाडगी बांधायची, बैल फिरवायचा, की पाणी वर!

एके दिवशी बैल उधळला. दोर चाकावरून घसरला आणि धपकन विहिरीत! वर काढून बघतात तर काय, नुसतं भेंडोळं. गाडगी सोडली आणि एकानं इकडून ओढलं, दुसऱ्यानं तिकडून. जितकं ओढावं तितकं आवळत गेलं.

"तुझ्या बैलानं केलं!"

"तू बसवलेल्या चाकानं केलं!"

भांडायला मात्र दोघांचीही तोंडं उघडली. शेवटी मिरचीवाल्यानं कोयता उचलला. "कापतो आणि गाठ मारतो!"

पानमळेवाला कळवळला. "अरे, कापलेला दोर भार घेणार नाही! नवा वळायला आठ दिवस लागतील. या उन्हात माझ्या वेली दोन दिवससुद्धा काढायच्या नाहीत!"

तेवढ्यात दोर वळणारी सगुणामावशी धावत आली. "कोयता ठेव आधी खाली! हा दोर मी जोडलाय. जोडताना आत एकही गाठ नव्हती."

"मग ह्या एवढ्या गाठी काय आकाशातून पडल्या?"

"गाठी कुठल्या, हा गुंता आहे मेल्या! गाठ मारायला मोकळं टोक लागतं. इथे टोक आहे कुठे? आत गाठ ठेवून जोडला असता, तर ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटला नसता. पण हा सुटणार म्हणजे सुटणार! फक्त ओढू नका. एकानं सैल सोडा, दुसऱ्यानं वेढा पलटा. आणि तोंडानं सांगत राहा."

नाइलाजानं दोघं समोरासमोर बसले.

"जरा सैल सोड."

"सोडला. आता तुझ्या डोक्यावरून घे."

एक वेढा सुटला! पोरं ओरडली, "एक!" मग "दोन! तीन!" अख्खं गाव विहिरीवर गोळा झालं. दहावा वेढा अडून बसला. मिरचीवाल्याचा हात पुन्हा कोयत्याकडे गेला, पण त्यानं तो मागे घेतला आणि दोर आणखी सैल सोडला. आणि सर्रकन सगळा दोर मोकळा झाला! भला मोठा गोल, आणि आत ते दोघं.

"सुटला! सुटला!" पोरं नाचायला लागली.

पानमळेवाला हळूच म्हणाला, "रहाट मिळून घेतला, तेव्हा तुझ्या मनात काही गाठ होती का रे?"

"छे! शपथेवर सांगतो. तुझ्या?"

"माझ्याही नव्हती."

"मग वेड्या, आपलाही गुंताच की!"

दोघं खो खो हसले. दिवस मावळायच्या आत पाटाला पाणी लागलं आणि पानमळा वाचला.

तात्पर्य काय, तर जोडताना मनात गाठ नसेल, तर पुढचा सगळा नुसता गुंताच. तो ओढून आवळतो आणि सैल सोडून सुटतो.