न खणलेलं बीळ

शहर अजून ओढ्याच्या पलीकडेच होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी माळावर नवी खुंटी ठोकलेली दिसली. खुंटीला एक शेळी बांधलेली होती, पण तिच्याकडे कोण बघतो! सरडा खुंटीवर चढला आणि मान डोलवत म्हणाला, "ही मोजणीची खुंटी. शहर इथवर येणार! इथल्या बिळांना सोन्याचा भाव येणार."

तिथे एकही बीळ नव्हतं. तरी घुशीने दुपारपर्यंत न खणलेली चाळीस बिळं विकलीसुद्धा. चिचुंद्रीकाकूंचं बांधाखालचं बीळ चांगलं कोरडं, उबदार होतं. ते घुशीला देऊन काकूंनी खुंटीलगतचं न खणलेलं बीळ घेतलं आणि पिलांना घेऊन उघड्या माळावर बसल्या.

"आई, घरात ऊन लागतंय," पिल्लू म्हणालं.

"लागू दे. मोक्याची जागा आहे."

तिसऱ्या दिवशी पाहतात तर खुंटी बांधापाशी, काकूंच्या जुन्या बिळाशेजारी! काकू आपलं बीळ परत मागायला धापा टाकत तिथे पोचल्या. दारात घूस बसली होती.

"आता एकात नाही जमायचं, काकू. न खणलेली दहा आणा."

शेळीला राहवेना. "अहो, खुंटी माझी आहे! एका जागचं गवत संपलं की मालक ती पुढे ठोकतो. शहरबिहर काही नाही."

खुंटीवरच्या सरड्याचा रंगच उतरला. मग काकू हळूच शेळीच्या कानाशी गेल्या.

"शेळीताई, उद्या कुठलं गवत खाणार आहेस, ते तेवढं मला एकटीला सांग ना."