चढावरचं औषध

धुकं अजून झऱ्यावरून उठलं नव्हतं. नव्वदीची चिमाआजी कमरेवर कळशी घेऊन डोंगर चढत होती. रोजच्यासारखंच तिला वाटत होतं, आपण ढगातून चाललोय.

झोपडीपुढे राजाची पालखी टेकलेली होती. चाळिशीतच थकलेला राजा आत लोडाला टेकून डुलक्या घेत होता. पावलं वाजली तसे त्यानं डोळे उघडले.

"म्हातारे, तुझं दीर्घायुष्याचं औषध मला दे. नाहीतर आजच्या आज हा डोंगर सोड."

आजीनं कळशी उतरवली, घामानं निथळणाऱ्या भोयांना आधी पाणी पाजलं.

"महाराज, माझं औषध या चढावरच आहे, मी ते रोज दोनदा घेते. आज तुमच्या वाट्याचंही होतं, पण ते या भोयांनी घेतलं."

राजानं लोड बाजूला सारला आणि पालखीबाहेर पाय टेकला.

डोंगर उतरताना पालखी रिकामी होती.