उभ्या गाडीतला चहा

एकदा एक जुनी, हिरवी, दोनच आसनांची स्पोर्ट्स गाडी खडखडत आदाप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात शिरली, आणि आत काम करणाऱ्या भैरूचा चेहरा उतरला. गाडी त्याच्या ओळखीची होती. तिच्या सस्पेन्शनची झिजलेली रबरं त्यानेच पावसाळ्याआधी बदलली होती. चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांशी ही रबरं बसतात आणि रस्त्याचे धक्के गिळतात. आता दिवाळीही उजाडली नव्हती, तोच ती फाटली होती.

गाडीचे मालक बसवंतराव शेटे हे पेठेतले कापडाचे व्यापारी. लग्न झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती, आणि संध्याकाळी पत्नीला घेऊन खिंडीपर्यंत जाऊन येणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा आनंद होता.

"भैरू, आता गौरा या गाडीत बसायलाच तयार नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "पाठीला हिसका बसतो म्हणते. ती बसणार नसेल तर मी एकटा हिंडून काय करू? या खेपेला जमलं नाही, तर देऊन टाकतो कुणाला तरी."

भैरू खजील झाला. आदाप्पा अण्णांच्या हाताखाली तो तयार झाला होता. सत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी गॅरेज त्याच्या स्वाधीन केले होते आणि ते स्वतः दारात खुर्ची टाकून बसत. या वेळी भैरूने कसलीच कसर ठेवली नाही. उत्तम प्रतीची रबरं आणली. गाडी उचलली, जागा घासूनपुसून लख्ख केल्या, रबरं बसवली, आणि सारे बळ एकवटून एकेक नट आवळला. मग घाम पुसत तो अण्णांकडे वळला.

"अण्णा, आता हात्ती बसला तरी हलणार न्हाई."

अण्णा उठले. त्यांनी पाना घेतला आणि भैरूने आवळलेला प्रत्येक नट शांतपणे सैल केला.

भैरू पाहतच राहिला. "अण्णा! काय चुकलं काय माझं?"

"गाडी खाली घे. पिटवर लाव. आणि शेटजींना निरोप धाड, काकींना घेऊन या म्हणावं."

थोड्या वेळाने दोघे आले. गॅरेजाच्या मध्यभागी, खाली उतरून काम करायच्या पिटवर, गाडी आपल्या चारही चाकांवर उभी होती. अण्णांनी अदबीने दार उघडले.

"बसा काकी."

"कुठं जायचंय?" गौराबाईंनी संशयाने विचारले.

"कुठंच न्हाई. नुसतं बसायचं. चहा सांगितलाय."

"अगंबाई! घरी खुर्च्या काय थोड्या आहेत, म्हणून उभ्या गाडीत चहा प्यायला येऊ?" असे म्हणत का होईना, त्या बसल्या. बसवंतराव शेजारी बसले आणि सवयीने त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. गौराबाईंना हसू फुटले.

"धरलंयत कशाला? पळून जाणाराय का ती?"

"वळण आलंय. सांभाळून बस," बसवंतराव गंभीरपणे म्हणाले.

"मग हॉर्न तरी वाजवा की!"

त्यांनी खरेच हॉर्न वाजवला. समोरचा पंक्चरवाला, शेजारचा रंगारी, सगळे डोकावले. चहा आला. गौराबाई इतक्या हसत होत्या की बशीतला चहा हिंदकळला, आणि त्यांच्या हसण्याने गाडीही हलू लागली.

खाली पिटमध्ये भैरूला तो सगळा हास्यकल्लोळ ऐकू येत होता. त्याच्या डोळ्यांदेखत दांड्या किंचित वर सरकल्या, डुलल्या आणि एका जागी स्थिरावल्या. मघाशी त्याने त्या जिथे आवळल्या होत्या, त्याहून ही जागा कितीतरी निराळी होती.

अण्णा काठाशी वाकले. "आता आवळ."

भैरूने आवळले. तो वर आल्यावर अण्णा सावकाश म्हणाले, "तू आवळत हुतास तवा गाडी उचललेली. चाकं लोंबत हुती, अंगावर कसलं वजन न्हवतं. तशात तू रबराला जखडलंस. मग गाडी खाली आली, माणसं बसली, दांडी वर सरकली, आणि रबर पिळलं ते पिळलंच. उभ्या गाडीतबी त्येला ताणच. मग पहिल्या खड्ड्यात न्हाई तर शंभराव्या खड्ड्यात फाटणारच की. रबर वाईट न्हाई, तुझा हातबी वाईट न्हाई. जे ओझं रोज वाहायचंय ते आधी अंगावर येऊ दे. त्या ओझ्यात ते जिथं सुखानं बसतंय, तिथं आवळ. मग धक्का आला तर वळंल आणि परत जाग्यावर यील."

भैरूने पाना पुसून जागेवर ठेवला.

"एक चक्कर मारून येतो," म्हणून गेलेले पतिपत्नी अंधार पडायला आला तरी परतले नाहीत. भैरू दारात येऊन पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला, आणि रस्त्यातल्या खाचखळग्यांवरून आवाज न करता हिरवी गाडी दारात आली. स्टिअरिंगवर गौराबाई होत्या.

"चढताना हे, उतरताना मी!" त्या म्हणाल्या. केस विस्कटलेले, मुद्रा फुललेली. बसवंतराव शेजारी खिंडीतली गरम भजी मांडीवर घेऊन बसले होते. "मला आता ही चालवायलाच देत नाही," अशी त्यांची तक्रार होती, आणि तक्रार करताना चेहऱ्यावरचे हसू त्यांना लपवता येत नव्हते.

त्या रात्री भैरू जेवायला बसला. त्याची पत्नी शेवंता हिला नुकतीच सूतगिरणीत नोकरी लागली होती. ती कामावर जाण्यापूर्वीच दोघांनी घरातली कामे ठामपणे वाटून घेतली होती, आणि तेव्हापासून रोज कशावरून तरी खटका उडत होता.

"शेवंता," तो म्हणाला, "आपण ठरवलेलं सगळं एकदा सैल करूया."

"आणि?"

"तुझ्या गिरणीतल्या पाळीचा अंदाज येऊ दे. कुणाला कवा काय झेपतंय ते दिसू दे. मग पक्कं करू."

शेवंताने चमकून त्याच्याकडे पाहिले. कितीतरी दिवसांनी ती मोकळेपणाने हसली. "हे तुम्हाला अण्णांनी सांगितलं वाटतं?"

"छे," भैरू म्हणाला, "ते गाडीबद्दल बोलत हुते."