शास्त्रीबुवांची संपलेली रांग

राजाच्या भरदरबारात प्रभाकरशास्त्र्यांनी दंड थोपटले. "दोन, तीन, पाच, सात अशा सगळ्या मूळ संख्या मी शोधल्या. त्यांची रांग माझ्यापाशी संपते. रांगेबाहेरची एक दाखवा, नाहीतर मला विजयपत्र द्या."

राजगणिती त्र्यंबकपंतांनी मान खाली घातली. वडिलांची ती मान पाहून त्यांची लेक वेणू हिला राहवेना. ती उठून उभी राहिली.

"शास्त्रीबुवा, तुमच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. आता तुमच्या रांगेतल्या कुठल्याही संख्येनं ती बेरीज निःशेष भागून दाखवा."

शास्त्र्यांनी मनात दोनानं भागलं, तिनानं भागलं. दर वेळी बाकी एकच उरत होती.

"म्हणजे एकतर ती बेरीजच नवी मूळ संख्या आहे," वेणू म्हणाली, "नाहीतर तिला भागणारी मूळ संख्या तुमच्या रांगेबाहेर आहे."

"मग तीही मी रांगेत घेतो."

"अवश्य घ्या. मग पुन्हा गुणाकार करा, पुन्हा एक मिळवा, म्हणजे आणखी एक नवी सापडेल. शास्त्रीबुवा, संख्या कुठं संपल्या? संपली ती तुमची मोजणी."

दरबार हसला. शास्त्र्यांनी स्वतःच दौत मागवली आणि विजयपत्रावर वेणूचं नाव घातलं. "त्र्यंबककन्या असंही लिहा," ती म्हणाली. पंतांनी मान वर केली आणि साऱ्या दरबाराकडे ताठ नजरेनं पाहिलं.