रंगारी आळीची दवंडी

नदीकाठी एक नगर होते. त्याच्या आठ पेठा होत्या आणि अगदी शेवटाला होती रंगारी आळी. तिथे कापड रंगवणारे राहत. आळी कष्टाळू होती, पण तिचे नाव निघाले की लोक कमरेचा पैशांचा कसा चाचपून बघत. कुणाचा जावई रुसून निघून गेला तरी लोक थट्टेने म्हणत, रंगारी आळीत शोधा, कुणीतरी पळवला असेल.

या आळीत सारजा नावाची रंगारीण राहायची. मंजिष्ठेचा तिचा लाल रंग कितीही धुवा, विटत नसे. नवरा गेल्यावर त्या एका कढईवर तिने घर चालवले होते. पण नगर आळीबद्दल जे बोले, ते तिलाही खरेच वाटे. बाहेर पडताना ती कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघे आणि समोरून येणाऱ्या शेजाऱ्याच्या हातांकडे आधी पाही, तोंडाकडे मागून.

एका उन्हाळ्यात चोऱ्या फार वाढल्या. म्हातारा दवंडीवाला लुमाजी आळीच्या तोंडाशी असलेल्या पारावर चढायचा, हलगी वाजवायचा आणि ओरडायचा. "ऐका हो, चोरी झाली" एवढे कानावर आले की बायका पोरांना आत ओढत आणि धडाधड दारे लागत. शेवटी कोतवालाने हुकूम काढला. रंगारी आळीच्या तोंडाला फाटक बसवायचे. दिवस मावळला की ते बंद, ऊन चांगले वर आले की उघडे.

हा सारजाच्या पोटावर पाय होता. रंगवलेले कापड भल्या पहाटे नदीवर धुवावे लागते, घाटावर गर्दी होऊन पाणी गढूळ व्हायच्या आधी. गढूळ पाण्यात रंग मरतो. रंग मेला की गिऱ्हाईक जाते.

आणि नवल असे की आळीतल्या काहींना फाटक हवेच होते. शेजारीण कोंडाबाई म्हणाली, "बरं झालं की गं सारजे. चोर आत यायचे तरी थांबतील."

"कोंडे, बाहेरच्याला अडवायचं फाटक असं नसतं," सारजा म्हणाली. "याचा अडसर बाहेरच्या अंगाला बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हलगी वाजली. सारजाचे हात कोपरापर्यंत रंगात होते. कढईतले गिऱ्हाइकाचे लुगडे अर्धे भिजले होते आणि मधेच सोडले तर त्यावर पट्टे उमटले असते. तिला उठून दार लावता येईना. म्हणून जन्मात पहिल्यांदा तिने दवंडी शेवटपर्यंत ऐकली. चोरी सराफ पेठेत झाली होती. तिथल्या एका घरातून चांदीची समई गेली होती.

लुगडे पिळून वाळत टाकल्यावर तिने लुमाजीला गाठले. चोरी सराफ पेठेतली, मग तू आमच्या पारावर का ओरडतोस, असे विचारले. लुमाजी गोंधळला. त्याला हे कधी कुणी विचारलेच नव्हते. त्याचा बाप इथेच ओरडायचा, आजाही इथेच. आजाच्या वेळी म्हणे सराफांनी गाऱ्हाणे घातले होते की दारात चोरीची दवंडी झाली तर गिऱ्हाईक बिचकते. तेव्हापासून साऱ्या नगरातल्या चोऱ्यांची दवंडी रंगारी आळीच्या पारावर व्हायला लागली.

"बाबा, आमच्या आळीतली चोरी तू कधी सांगितलीस?"

लुमाजीने बोटांवर चोऱ्या मोजून पाहिल्या. मग म्हणाला, "एकदा कुणाचा तरी कोंबडा गेला होता. पण तो संध्याकाळी परत आला."

ही गोष्ट सारजा सांगत सुटली. ती त्र्यंबकशेट सराफांच्या कानावर गेली. त्यांनी तिला बोलावून घेतले आणि गोड शब्दांत समजावले. तू चांगली बाई आहेस, त्या लोकांत कशाला राहतेस, आमच्या परसात खोली आहे, आडाचे पाणी नितळ आहे, खुशाल कापड धू. फक्त हा दवंडीचा विषय सोड.

आडाचे पाणी खरेच नितळ होते. सारजाने ते ओंजळीत घेऊन पाहिले. मग हात झटकून म्हणाली, "शेट, त्या लोकांत मीही आलेच."

फाटक बसवायच्या दिवशी दोन्ही खांब पुरून झाले. सुतार दारे उचलायला गेले तर सारजा मधोमध बसलेली. बघ्यांची गर्दी जमली. कोणी म्हणाले, चोरांची वकील आली. कोतवालाने दरडावून तिला उठायला सांगितले.

"उठते," ती म्हणाली. "पुढच्या पुनवेपर्यंत दवंडी जिथली तिथे पिटा. एवढं होऊनही फाटक लावावंसं वाटलं तर मी स्वतः हात देईन."

कोतवालाला यात वावगे दिसेना. पण गर्दीतून त्र्यंबकशेट तडक पुढे आले. सराफ पेठेत हलगी वाजली तर पेठेची अब्रू जाईल, असे ते म्हणाले.

सारजा बसल्या जागेवरून म्हणाली, "दवंडीनं अब्रू जाते, हे तुम्हांला ठाऊक होतं तर."

कोतवालाने सुतारांना दारे खाली ठेवायला सांगितले.

तेव्हापासून लुमाजी चोरी जिथे झाली तिथे जाऊन ओरडू लागला. तो बहुतेक वेळा सराफ पेठेत दिसे. तेव्हा कोतवालाच्या ध्यानात आले की आपले सगळे शिपाई रंगारी आळीवर नजर ठेवून बसले होते आणि सराफ पेठ चोराला मोकळी होती. त्याने शिपाई हलवले. थोड्याच दिवसांत चोर भिंतीवरून उतरताना सापडला. तो या नगरातलाच नव्हता.

आळी खूश झाली. कोंडाबाई तर सराफ पेठेला नावे ठेवायला लागली. सारजाने तिला तिथेच थांबवले. चोरी त्यांच्या घरी झाली, चोर ते नव्हेत, असे बजावले.

पुनवेच्या संध्याकाळी, रस्ता रिकामा झाल्यावर, कोतवालाचे दोन शिपाई खांब काढायला आले. सारजा पुन्हा खांबांच्या मधे जाऊन बसली. शिपाई चक्रावले. त्यांनी कोतवालाला बोलावून आणले.

"बाई, आता काय? फाटक रद्द झालं. तूच जिंकलीस."

"साहेब, हे खांब भर उन्हात, सगळ्यांच्या देखत पुरलेत. तसेच उपटा. आणि रंगारी आळीत चोरी झाली नव्हती, हे आठही पेठांत हलगी वाजवून सांगा."

"चोरी झाली नाही, अशी दवंडी कुणी पिटतं का?"

"म्हणून तर ही वेळ आली."

कोतवाल उभा राहिला, ती बसून राहिली. शेवटी त्यानेच लुमाजीला बोलावणे धाडले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर लुमाजीची हलगी सराफ पेठेच्या चौकापासून एकेक पेठ करत, मागे बघ्यांची गर्दी घेऊन, आळीच्या पारापर्यंत आली. तो शब्दन् शब्द खणखणीत ओरडला. ते ऐकल्यावर सारजा उठली, पदर झटकला आणि शिपायांना म्हणाली, "आता उपटा."

तात्पर्य: बोभाटा जिथे होतो तिथेच गुन्हा घडतो असे मानू नये, आणि आपल्या वस्तीला चारचौघांत लावलेला खोटा कलंक गुपचूप पुसून घेऊ नये, तो चारचौघांतच पुसायला लावावा.