रिकामा ठरवलेला वाफा

माघ महिना, सकाळचे आठ. एका राज्याच्या सार्वजनिक बागेत सातव्या वाफ्यासमोर तिघं उभी होती: बागेचा कारभारी, वनस्पतींची विद्या शिकलेले पंडित आणि वाफ्याची राखण करणारी माळीण. वाफ्यात नुसती माती होती आणि मातीभोवती दगडांचं कडं.

दुसऱ्या दिवशी राजा बाग पाहायला येणार होता.

“हे काय? चूल मांडलीय का कुणी?” कारभाऱ्याने दगडांना जोड्याने ढोसत विचारलं.

“चूल नाही, सरकार. खाली कंदीलफुलाचे कंद आहेत,” माळीण म्हणाली. “कार्तिकात वेल वाळतो आणि आषाढात कोंब वर येतो. मधले महिने कंद झोपतो. त्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती दगड मांडायची डोंगरातल्या लोकांची रीत आहे.”

“झोपतो? उद्या महाराज येणार आणि तुमचं फूल घोरत पडणार? वा!”

मागे उभे असलेले शिपाई हसले. कारभारी हसला की हसायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

हे फूल साधं नव्हतं. ते पलीकडच्या एकाच डोंगरावर उगवायचं. तो डोंगर खडीसाठी फोडायला काढला, तेव्हा तिथल्या लोकांनी उरलेले अकरा कंद फडक्यात बांधून बागेत आणून दिले होते. “खडी काढून झाली की एक उतार आम्हाला परत मिळणार आहे. तोवर सांभाळा,” असं म्हणून ते गेले होते. जगात दुसरीकडे कुठेही ते फूल उरलं नव्हतं.

“इथे झेंडू लावा,” कारभारी म्हणाला. “फुललेली रोपं आणा आणि त्यांनी ‘सुस्वागतम्’ लिहा. मोठ्या अक्षरात.”

माळीण आडवी आली. “सरकार, हात जोडते. अक्षरं पलीकडच्या हिरवळीवर लिहा. हा वाफा रिकामा नाही.”

कारभारी पंडितांकडे वळला. “तुम्ही शिकलेले आहात. सांगा, आहे का इथे काही?”

पंडितांना सगळं माहीत होतं. अकरा कंदांची नोंद त्यांनीच स्वतःच्या हाताने केली होती. पण त्यांना बागेत काचघर हवं होतं आणि ते मंजूर करणं कारभाऱ्याच्या हाती होतं. पंडितांनी उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “सध्या तरी इथे काही दिसत नाही.”

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते खोट्यापेक्षा नीच होतं.

माळणीला बागेच्या दुसऱ्या टोकाला कुंड्या धुवायला पाठवलं. ती दुपारी परतली तेव्हा वाफा हातभर खोल खणलेला होता. जुनी माती गेली होती आणि नवी पसरून झेंडू लावणं चालू होतं.

ती धावत कारभाऱ्याकडे गेली. “माती कुठे टाकली, तेवढं सांगा. कंद महिनाभर तग धरतात. मी एकटी चाळून काढते, कुणाला त्रास देत नाही.”

कारभाऱ्याने विचार केला. जागा सांगावी, तर कंद सापडणार. कंद सापडले, तर वाफा रिकामा नव्हता हे उघड होणार. तो म्हणाला, “कसले कंद? वाफा रिकामा होता. पंडितांना विचार.”

ती पंडितांकडे गेली. “पंडितजी, तुम्ही तरी बोला.”

“विचारून सांगतो,” पंडित म्हणाले.

महिनाभर ती रोज विचारत राहिली आणि महिनाभर हेच उत्तर मिळालं. त्या महिन्यातल्या कुठल्याही एका दिवशी एक माणूस खरं बोलला असता, तर फूल वाचलं असतं. बोललं कुणीच नाही. उलट, कामात अडथळा आणल्याबद्दल माळणीलाच काढून टाकलं.

राजा तर ठरल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी आला होता. तोंडातला विडा चघळून संपेपर्यंत थांबला. ‘सुस्वागतम्’ त्याने वाचलं की नाही, कुणास ठाऊक. आठवड्याने झेंडू वाळला. वर्षाच्या आत पंडितांचं काचघर उभं राहिलं.

पुढे डोंगरातल्या लोकांना त्यांचा उतार परत मिळाला. ते बागेत आले. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे झाली. “आमचे कंद द्या.”

“चौकशी चालू आहे,” पंडित म्हणाले.

“चौकशी कुठल्या महिन्यात फुलते, बाबा?” म्हातारीने विचारलं.

पंडित काचघरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तात्पर्य: कुदळ मारणाऱ्याला खाली काय आहे हे माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं आणि जो तोंडावर विचारल्यावरही सोयीचं तेवढंच बोलला, त्याने ते फूल संपवलं. अशा माणसाला जाणकार म्हणू नये.

वाफा खणला त्या दिवशी बागेच्या फाटकातून मातीच्या तीन गाड्या बाहेर पडल्या. पहारेकऱ्याने त्या पाहिल्या होत्या. त्या कुठे रित्या झाल्या, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही.